कोनाड्यातले फ्रेंच घड्याळ : विकण्याआधी, वाटण्याआधी ओळखून घ्या

कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याच्या मधोमध उभा असलेला घड्याळाचा मनोरा येणारे-जाणारे सगळेच पाहतात. मेजर चार्ल्स मँट या इंग्रज वास्तुकाराने आखलेला हा राजवाडा १८७७ ते १८८४ या काळात बांधला गेला. मनोऱ्यावरचे घड्याळ साऱ्यांसाठी असते. त्याची देखभाल होते आणि ते बंद पडले तर बोभाटाही होतो. पण त्याच काळात समुद्र ओलांडून आणखी एका जातीचे घड्याळ आपल्या मुलुखात येत होते. ते मनोऱ्यावर चढले नाही. संस्थानिक, सरदार, वकील आणि व्यापारी यांच्या दिवाणखान्यात ते जाऊन बसले. ते बंद पडले तर घराबाहेर कोणाला पत्ता लागत नाही, आणि एखाद्या दिवशी ते घरातून गेले तरी लागत नाही.

आम्ही लिहितो आहोत ते फ्रान्समध्ये बनलेल्या, जडावकामाने नटलेल्या मेजावरच्या घड्याळाविषयी. वाचकांपैकी काहींच्या आजोळी किंवा सासरी असे घड्याळ असेल. उंची साधारण हातभर, कमरेत बारीक आणि पायाशी रुंद. काळ्या किंवा लालसर अंगावर पितळेची वेलबुट्टी, कोपऱ्यांना सोनेरी पानफुले, पांढऱ्या तबकडीवर निळसर-काळे रोमन आकडे आणि तबकडीत चावीसाठी दोन भोके. घरात त्याला कोणी "आजोबांचे घड्याळ" म्हणते, कोणी "विलायती घड्याळ". ते नेमके काय आहे, हे मात्र बहुतेक घरांत सांगता येत नाही. आणि जी वस्तू सांगता येत नाही, ती वाटणीच्या वेळी आणि घर बदलताना सगळ्यात आधी जाते. म्हणून हा लेख.

शेकोटीवरून कोनाड्यात

युरोपातल्या थंड देशांत घरातल्या मुख्य खोलीत भिंतीत शेकोटी असते. तिच्यावर संगमरवराचा कट्टा असतो. घरातली सगळ्यात देखणी वस्तू त्या कट्ट्यावर ठेवायची, असा तिथला रिवाज होता. फ्रेंच कारागिरांनी खास या जागेसाठी घड्याळे घडवली. पुष्कळदा दोन्ही बाजूंना जोडीने ठेवायला दोन मेणबत्तीदाण्या किंवा फुलदाण्याही बरोबर असत. ज्यांच्या घरात नुसत्या दोन फुलदाण्या उरल्या आहेत, त्यांनी त्यांच्यामध्ये कधी घड्याळ होते का, याची चौकशी जरूर करावी.

आपल्याकडे शेकोटीचा कट्टा नाही. तेव्हा हे घड्याळ कोनाड्यात, कपाटावर किंवा पितळी कड्यांच्या शिसवी मेजावर बसले. १८६९ मध्ये सुएझ कालवा सुरू झाला आणि युरोप ते मुंबई हा प्रवास खूपच आखूड झाला. फ्रेंच माल मुंबईच्या दुकानांत सहज मिळू लागला. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे आली आणि मुंबई-पुण्याचा नाजूक माल बैलगाडीचे धक्के न खाता पंचगंगेच्या काठापर्यंत पोहोचू लागला.

फ्रेंच घड्याळांची ओढ मात्र त्याच्याही आधीची आहे. म्हैसूरच्या टिपू सुलतानांनी फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या दरबारी वकील पाठवले होते. ते १७८८ मध्ये पॅरिसला पोहोचले. फ्रान्सकडून त्यांनी फौजेची मदत मागितली, तशीच कारागिरांचीही मागणी केली. त्यात तोफा-बंदुका बनवणारे होते, चिनी मातीचे व काचेचे काम करणारे होते आणि घड्याळ बनवणारेही होते. टिपूंना विलायती घड्याळ विकत घेऊन समाधान नव्हते. ते बनवणारा हात आपल्या मुलुखात हवा होता. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण आज आपल्यापाशी घड्याळे आहेत पण हात कमी होत चालले आहेत.

पितळ, कवच आणि करवत

या घड्याळाच्या अंगावरचे नक्षीकाम रंगवलेले नसते. कोरून त्यात पितळ ओतलेलेही नसते. ती जडावाची कला आहे. फ्रान्समध्ये तिला आंद्रे-शार्ल बूल या कारागिराचे नाव मिळाले. हा बूल १६४२ मध्ये जन्मला आणि १७३२ मध्ये वारला. १६७२ मध्ये राजा चौदावा लुई याने त्याला राजाश्रय दिला आणि पॅरिसच्या लूव्र राजवाड्यात कारखान्यासाठी जागा दिली. ही पद्धत त्याने शोधलेली नव्हे, ती इटलीत आधीपासून होती. पण त्याने ती इतक्या उंचीवर नेली की पुढे साऱ्या जगात ती "बूलकाम" म्हणूनच ओळखली गेली.

पद्धत अशी. पितळेचा पातळ पत्रा आणि कासवाच्या कवचाचा पातळ तुकडा एकावर एक चिकटवायचा. वर नक्षीचा कागद लावायचा. मग केसासारख्या बारीक करवतीने दोन्ही एकदम कापायचे. सुटे केले की दोन जोड मिळतात. एका जोडात कवचाच्या जमिनीवर पितळेची वेल, दुसऱ्यात पितळेच्या जमिनीवर कवचाची वेल. काहीच वाया जात नाही. हे तुकडे लाकडी पेटीवर सरसाने बसवायचे आणि मग पितळेवर सुईसारख्या टोकाने पानांच्या शिरा, फुलांच्या पाकळ्या कोरायच्या. कवच मुळात पारदर्शक असते. त्याच्या खाली लाल रंग दिला की ते आतून पेटल्यासारखे लाल दिसते. तोच तो घड्याळाचा लाल रंग.

ही कला आपल्याला अगदीच परकी नाही. कोल्हापूरहून तासा-दीड तासाच्या वाटेवर मिरज आहे. तिथे शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यांतले आद्य नाव. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर आणि दांडीवर जी पांढरी वेलबुट्टी असते, तीही लाकडात बसवलेलीच असते. पूर्वी त्यासाठी हस्तिदंत किंवा हाड वापरत, आता प्लॅस्टिक वापरतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या मुस्लिम कारागीर घराण्यांनी लाकडात वेल बसवण्याची ही विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळली, ती आपल्या शेजारी राहतात. तेव्हा फ्रेंच घड्याळाच्या पेटीकडे "हे आपल्या आवाक्यातले नाही" म्हणून पाहण्याचे कारण नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. आपल्या घरातले घड्याळ खुद्द बूलच्या कारखान्यातले असण्याची शक्यता जवळजवळ नाहीच. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः तिसऱ्या नेपोलियनच्या काळात म्हणजे १८५२ ते १८७० या वर्षांत, फ्रान्समध्ये जुन्या राजेशाही थाटाची पुन्हा हौस आली. तेव्हा अशी घड्याळे मोठ्या संख्येने बनली. घरोघरी सापडतात ती बहुतेक त्या काळातली किंवा त्यानंतरची. पुष्कळांत कवच नसतेच. लाकडाला काळा रंग आणि चकाकी देऊन त्यात फक्त पितळ जडवलेले असते. म्हणून ते घड्याळ कमी प्रतीचे ठरत नाही. ते कोणत्या काळाचे, हे कळते एवढेच.

पेटीच्या आत काय चालते

पेटी कितीही नटलेली असो, आतले यंत्र साधे आणि भक्कम असते. पितळेच्या दोन गोल पट्ट्या, त्यांच्यामध्ये दातेरी चाके आणि दोन स्प्रिंगा. एक स्प्रिंग काटे चालवते, दुसरी ठोके देते. म्हणूनच तबकडीत चावीची दोन भोके असतात. समोरून पाहताना बहुधा उजवीकडचे भोक काट्यांचे आणि डावीकडचे ठोक्यांचे. एकदा चावी दिली की घड्याळ आठवडाभर बिनघोर चालते. आमच्या ओळखीच्या घरांत दर जुम्याला, नमाजला निघण्यापूर्वी, घरातला कर्ता पुरुष चावी देत असे. वार ठरलेला असला की विसर पडत नाही.

ठोक्यांचा हिशेब मुलांना घालायला चांगला आहे. एक वाजता एक, दोनला दोन, असे बारापर्यंत मिळून ७८ ठोके होतात. शिवाय प्रत्येक अर्ध्या तासाला एक, म्हणजे आणखी १२. एकूण ९०. दिवस आणि रात्र मिळून १८० वेळा ती छोटी हातोडी घंटेवर पडते.

जुन्या यंत्रात मागच्या बाजूला खाचा असलेले एक चाक दिसते. त्या खाचांमधले अंतर ठोके मोजते. काटे कुठे आहेत याच्याशी त्या चाकाला कर्तव्य नसते. त्यामुळे कोणी काटे भरभर पुढे फिरवले आणि मधले ठोके पूर्ण होऊ दिले नाहीत, तर घड्याळ चार वाजता सात ठोके देऊ लागते. "घड्याळ बिघडले" म्हणून ते टाकून दिले जाते. खरे तर ते बिघडलेले नसते, मोजणी चुकलेली असते. जाणकार घड्याळजी ती काही मिनिटांत जुळवून देतो.

तबकडीवर १२ च्या आकड्याजवळ आणखी एक बारीक चौकोनी भोक दिसले, तर ते वेग कमी-जास्त करण्याचे. आशिल ब्रोको या फ्रेंच घड्याळजीची ही युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून रूढ झाली. चावीचे जे दुसरे, बारीक टोक असते, ते याच भोकासाठी. चावी दोन तोंडांची का, असा प्रश्न ज्यांना पडला असेल त्यांना हे उत्तर.

कोल्हापूरची वेळ आणि घड्याळाची वेळ

आज साऱ्या देशाची वेळ एक आहे, पण ती तशी नेहमीच नव्हती. भारतीय प्रमाणवेळ १९०६ पासून लागू झाली. त्याआधी गावोगावची वेळ सूर्यावर होती आणि मुंबईचे घड्याळ वेगळे, मद्रासचे वेगळे. प्रमाणवेळ मोजली जाते ती ८२.५ अंश पूर्व रेखांशावरून, आणि कोल्हापूर आहे साधारण ७४.२ अंशांवर. प्रत्येक अंशाला चार मिनिटे, म्हणजे कोल्हापूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा कोल्हापूरच्या डोक्यावर सूर्य आलेला नसतो. तो येतो नोव्हेंबरच्या सुरुवातीला सव्वाबारानंतर लगेच आणि फेब्रुवारीत पाऊण वाजल्यानंतर. जवाल आणि जोहरचे वेळापत्रक वर्षभर का सरकते आणि मुंबई-हैदराबादचे वेळापत्रक कोल्हापुरात जसेच्या तसे का चालत नाही, याचे कारण यात आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या घरात बसलेले फ्रेंच घड्याळ आधी गावच्या वेळेवर आणि नंतर देशाच्या वेळेवर चालले. यंत्र तेच राहिले, काटे तेवढे सरकवले गेले.

वेळ मोजण्याची विद्या मुस्लिम जगताने युरोपकडून उसनी घेतली, असे कोणी समजू नये. ८०७ मध्ये खलिफा हारून अल-रशीद यांनी फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याला पितळेचे पाण्याचे घड्याळ नजर केले होते. तास झाला की त्यात धातूच्या गोळ्या पडून आवाज होई आणि छोटे घोडेस्वार बाहेर येत, अशी नोंद तिथल्याच दरबारी बखरीत आहे. अल-जजरी यांनी १२०६ मध्ये आपल्या यंत्रांचा ग्रंथ पूर्ण केला. त्यात हत्तीच्या आकाराचे घड्याळ आहे. इस्तंबूलचे तकीउद्दीन यांनी सोळाव्या शतकात दातेरी चाकांच्या घड्याळांवर अरबीत ग्रंथ लिहिला.

पुढे मात्र पारडे फिरले. त्याची खूण कैरोच्या किल्ल्यात आहे. इजिप्तच्या मुहम्मद अली पाशांनी लक्सरचा प्राचीन दगडी स्तंभ फ्रान्सला दिला. तो १८३६ मध्ये पॅरिसच्या चौकात उभा राहिला. त्याबद्दल राजा लुई फिलिप याच्याकडून पाशांना एक मोठे घड्याळ मिळाले आणि ते पाशांच्या मशिदीच्या अंगणातल्या मनोऱ्यात बसले. पॅरिसमधला स्तंभ आजही ताठ उभा आहे. कैरोतले घड्याळ मात्र अनेक दशके बंदच राहिले. घड्याळ नजराण्यात मिळते, पण ते चालते ठेवणारा कारागीर जागेवर लागतो.

वाटणीच्या यादीत नसलेली वस्तू

आमच्या नात्यातल्या एका घराची हकीकत सांगतो. नावे सांगण्याची गरज नाही.

दादांच्या इंतकालनंतर जुने घर विकायचे ठरले. भावांनी बसून यादी केली. जमीन, घराची रक्कम, दादींचे दागिने आणि तांब्या-पितळेची भांडी यांचा तोळ्या-माशापर्यंत हिशेब झाला. बहिणींचे हिस्सेही ठरले. दिवाणखान्यातले काळ्या पेटीचे फ्रेंच घड्याळ यादीत नव्हते, कारण ते दोन वर्षांपासून बंद होते. सामान हलवताना ते एका खोक्यात गेले आणि खोके अंगणात. भंगारवाला आला. त्याने पेटी हलवून पाहिली आणि पितळेच्या वजनाने भाव सांगितला. लाकडाचे काही मिळणार नव्हते.

फुफी तेव्हा दारातच होत्या. त्या म्हणाल्या, "भाईजान, अम्मींच्या बांगड्या काट्यावर घातल्यात. मग अब्बांचं घड्याळ भंगारात कसं? त्यात माझा हिस्सा नाही का?" कोणी रागावले नाही, पण कोणाला उत्तरही देता आले नाही. खोके परत घरात गेले.

एका वयस्क घड्याळजींना बोलावले. त्यांनी मागचे झाकण उघडले आणि लंबक जिथे टांगतो तिथली पोलादाची पातळ पट्टी दाखवली. ती तुटली होती. दोन वर्षांपूर्वी रंगकामासाठी घड्याळ या खोलीतून त्या खोलीत नेले, तेव्हा लंबक काढला नव्हता. बाकी यंत्र शाबूत होते. पितळेच्या पट्टीवर कारखान्याचा शिक्का होता, पदकाचे वर्ष होते आणि एक क्रमांक होता. तोच क्रमांक लंबकावरही होता. म्हणजे घड्याळ आणि लंबक मूळचे एकत्रचे. नवी पट्टी बसवली, यंत्र साफ केले, तेल दिले. घड्याळ चालू झाले.

मग दोन जाणकारांकडून वेगवेगळी किंमत करून घेतली आणि दोन्हींची सरासरी धरली. ती रक्कम यादीत चढली. फुफींनी घड्याळ आपल्या हिश्श्यात घेतले आणि तेवढी रक्कम त्यांच्या रोख हिश्श्यातून वजा झाली. एक कागद करून सगळ्यांनी सह्या केल्या.

या हकीकतीत भांडण नाही, कोर्ट नाही. तरी ती सांगावीशी वाटली, कारण आपल्या घरांत बहिणींचा हक्क मोठ्या गोष्टींत कधी मान्य होतो, कधी होत नाही, पण "किरकोळ" म्हणून बाजूला टाकलेल्या वस्तूंत तो हमखास विसरला जातो. मय्यतने मागे ठेवलेली मिळकत म्हणजे सारी मिळकत. बंद घड्याळही त्यात आले. जी वस्तू कापून वाटता येत नाही, तिची किंमत करून वाटणी करता येते. त्यासाठी ती वस्तू आधी ओळखता आली पाहिजे.

ओळख कशी पटवायची

घड्याळ पाठमोरे करा. मागचे गोल झाकण बहुधा साध्या कडीवर उघडते. विजेरीच्या उजेडात पितळेच्या पट्टीवर कोरलेली अक्षरे वाचा आणि मोबाइलवर स्वच्छ फोटो काढा. जापी, मार्ती, व्हिन्सेंटी ही नावे फ्रेंच यंत्रांवर पुष्कळदा आढळतात. जापी घराण्याचा कारखाना पूर्व फ्रान्समधल्या बोकूर गावात होता. नॉर्मंडीतले सेंट-निकोला-दालिएरमाँ हे गावही घड्याळांच्या यंत्रांसाठी प्रसिद्ध होते. अशा ठिकाणांहून यंत्रे पॅरिसला येत आणि तिथे त्यांना पेट्या मिळत.

शिक्क्यात पदकाचे वर्ष असेल, तर घड्याळ त्या वर्षाच्या आधीचे असू शकत नाही. शिक्क्यात १८८९ असेल आणि विकणारा "हे अठराव्या शतकातले आहे" म्हणत असेल, तर यंत्र आणि सांगणे जुळत नाही. तबकडीवरचे नाव बहुधा बनवणाऱ्याचे नसून विकणाऱ्या दुकानाचे असते. ते मुंबई किंवा कोलकात्याच्या दुकानाचे असले तरी यंत्र फ्रेंच असू शकते.

नकलाही पुष्कळ आहेत. विसाव्या शतकात याच आकाराच्या पेट्यांत जर्मन यंत्रे घातली गेली आणि अलीकडे तर सेलवर चालणारी. मुंबईच्या चोरबाजारात मटन स्ट्रीटवर जुनी आणि जुन्यासारखी दिसणारी घड्याळे शेजारी-शेजारी मांडलेली दिसतात. नक्षीवरून बोट फिरवा. खऱ्या जडावात पितळ आणि जमीन यांचा सांधा नखाला हलका लागतो आणि पितळेवर हाताने कोरलेल्या रेषा दिसतात. छापलेल्या नक्षीत सगळे सपाट असते.

चांगल्या नमुन्यांवर नजर बसवायची असेल, तर हैदराबादला गेल्यावर सालारजंग संग्रहालयातले घड्याळांचे दालन निवांत पाहा. मीर युसूफ अली खान, म्हणजे तिसरे सालारजंग, यांनी जमवलेल्या वस्तूंचे हे संग्रहालय १९५१ मध्ये खुले झाले. तिथे दर तासाला ठोके देणाऱ्या इंग्रजी घड्याळासमोर गर्दी होते. ती पांगली की मागे वळून फ्रेंच घड्याळांकडे या.

सांभाळायचे कसे

पहिली गोष्ट, चिंच, लिंबू, राख आणि पितळ घासायची पावडर यांपासून घड्याळ दूर ठेवा. सणाच्या आधी भांड्यांबरोबर घड्याळाची पानफुलेही घासून काढायची, हा प्रकार फार घरांत होतो. त्या सोनेरी पानफुलांवर पुष्कळदा खऱ्या सोन्याचा पातळ मुलामा असतो. जुन्या पद्धतीत सोने पाऱ्यात कालवून लावत आणि तापवून पारा उडवून देत. त्या वाफेने मुलामा देणाऱ्या कारागिरांचे आरोग्य पार खचत असे. इतक्या मोलाने चढलेले सोने दोन ईदच्या घासण्यात उतरते आणि पुन्हा तसे चढत नाही. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटकणे पुरे.

दुसरी गोष्ट, ओल. कोल्हापूरचा पावसाळा लाकडाला फुगवतो आणि मार्च-एप्रिलचा उन्हाळा त्याला आकसवतो. लाकूड, पितळ आणि कवच एकाच मापाने फुगत-आकसत नाहीत. सरस सैल पडतो आणि पितळेची वेल वर उचलली जाते. म्हणून घड्याळ बाहेरच्या ओल्या भिंतीला लावू नका आणि खिडकीच्या उन्हातही ठेवू नका. उचललेल्या वेलीवर इन्स्टंट गोंदाचा थेंब टाकू नका. तो नंतरच्या दुरुस्तीची वाट बंद करतो. वेल कपड्यात अडकून तुटू नये म्हणून घड्याळावर झाकण घाला. तुकडा निघालाच तर कागदात गुंडाळून, तारीख लिहून ठेवा. जडावकामातला सुटलेला तुकडा परत बसवता येतो, पण हरवलेला नव्याने कापावा लागतो.

तिसरी गोष्ट, हलवताना लंबक आधी काढा. नव्या जागी ठेवल्यावर टिकटिक कान देऊन ऐका. दोन ठोक्यांमधले अंतर सारखे नसेल, लंगडत असेल, तर घड्याळ थोड्या वेळात थांबणार. जागा सपाट नाही असा त्याचा अर्थ.

चौथी गोष्ट मूर्तींची. फ्रेंच घड्याळांवर माथ्याशी माणसाची किंवा पंखवाल्या मुलाची आकृती असते आणि आपल्या काही घरांत ती नकोशी वाटते. अशा आकृत्या करवतीने कापलेल्या किंवा हातोडीने उडवलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. त्याची गरज नाही. माथ्यावरची आकृती बहुधा आतून नटाने आवळलेली असते. घड्याळजी ती सहज सोडवून देतो. कापडात गुंडाळून ठेवली की दिवाणखानाही आपल्या मनासारखा राहतो आणि वस्तूचेही नुकसान होत नाही.

कायद्याची बाजू

दोन कायदे माहीत असावेत. घड्याळावरचे कवच खरे असेल, तर ते बहुधा समुद्रातल्या चोचीच्या कासवाचे, ज्याला इंग्रजीत हॉक्सबिल म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या कासवाला सर्वोच्च संरक्षण दिले आहे आणि त्याच्या कवचाच्या वस्तूंचा व्यापार बंद आहे. वारसाने आलेल्या वस्तूबाबतही वन विभागाला कळवण्याची तरतूद आहे. तेव्हा लाल कवचाचे घड्याळ विकण्याचा विचार करण्यापूर्वी वन विभागात चौकशी करा. घरी येऊन "आत्ताच रोख देतो" म्हणणारा ही गोष्ट सांगणार नाही. कवच खरे की रंगवलेले शिंग, हे पाहण्यासाठी तापवलेली सुई टोचण्याचा प्रयोग कोणाला करू देऊ नका.

दुसरा कायदा पुरावस्तूंचा, तोही १९७२ चाच. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू मानली जाते आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. दुबई, मस्कत किंवा लंडनला स्थायिक झालेला मुलगा "आजोबांची आठवण" म्हणून घड्याळ बॅगेत घालून निघाला, तर विमानतळावर अडकेल. वस्तू तेवढी जुनी नाही असे वाटत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तसा दाखला आधी घ्यावा लागतो.

हात शिल्लक आहेत तोवर

१९६९ मध्ये जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झचे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत चावीच्या घड्याळांची दुरुस्ती हा धंदा आकसत गेला. डोळ्याला भिंग लावून काचेच्या पेटीमागे बसणारे घड्याळजी कोल्हापुरात अजून आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांचे काम आता पट्टे आणि सेल बदलण्याचे आहे. ठोक्याचे यंत्र उघडून पुन्हा जुळवू शकणारे त्याहून थोडे, आणि त्यांची मुले दुसऱ्या व्यवसायात गेली आहेत. तुटलेल्या दाताचे चाक बाजारात तयार मिळत नाही. ते कापून घ्यावे लागते आणि कापणारा हात एका दिवसात तयार होत नाही.

ज्या घरात असे घड्याळ आहे, त्यांनी या महिन्यात तीन कामे करावीत. घड्याळाचे आणि शिक्क्याचे फोटो काढून ते कोणी, केव्हा, कुठून आणले, हे घरातल्या सगळ्यात वयस्क व्यक्तीकडून विचारून लिहून ठेवावे. ही माहिती बहुधा दादी-नानींकडेच असते आणि त्यांना कोणी विचारलेले नसते. दुसरे, चावी आणि लंबक शोधून घड्याळाच्या पेटीतच ठेवावेत. तिसरे, जाणत्या घड्याळजींना घरी बोलावून यंत्र उघडायला सांगावे आणि त्या वेळी घरातल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला त्यांच्या शेजारी बसवावे. कोणते चाक कोणाला फिरवते, हे तिने किंवा त्याने एकदा डोळ्यांनी पाहावे. घड्याळजींना मेहनताना देताना घासाघीस करू नये.